न उघडणारी संहिता : सॉफ्टवेअरचा बिघाड आणि मराठीचा अभ्यासक

१

मराठीच्या अभ्यासक्षेत्रात संगणकाविषयी जी चर्चा होते, ती बहुतांशी दोन टोकांची असते. एका टोकाला संगणकामुळे भाषेचे काय होणार ही चिंता आणि दुसऱ्या टोकाला संगणकामुळे भाषा तरून जाणार हा उत्साह. या दोहोंच्या मध्ये एक अगदी साधी, रोजची आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेली गोष्ट उरते. सॉफ्टवेअर नव्या संगणकावर बसत नाही, किंवा बसले तरी उघडत नाही. आणि त्यामागोमाग त्यात लिहिलेला मजकूर अभ्यासकाच्या हातून जातो. ही बाब तंत्रज्ञाची आहे, अभ्यासकाची नव्हे, असे मानण्याचा प्रघात आहे. हा प्रघात वाङ्मयाच्या अभ्यासाला महाग पडत आहे. सॉफ्टवेअरच्या बिघाडाचे निदान हे संहिताचिकित्सेचेच एक अंग मानले पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर त्याला शोधपत्रिकेत स्थान देण्याचे कारण नव्हते. परंतु १९९० ते २०१० या सुमारे वीस वर्षांत मराठीत जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग प्रथम संगणकावर जुळवला गेला. छापून झालेली पुस्तके ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. जे छापले गेले नाही त्याची गोष्ट वेगळी आहे. प्रबंधांसाठी केलेली टिपणे, लोकगीतांची लेखी रूपे, बोलींच्या शब्दसूची, हस्तलिखितांच्या नकला, संपादकांनी तयार करून ठेवलेले पाठभेद ही सामग्री अनेकदा केवळ फाइलींच्या रूपानेच अस्तित्वात आहे. ती फाइल उघडणारे सॉफ्टवेअर सुरू झाले नाही, तर ती सामग्री असूनही नसल्यासारखी होते.

२

या प्रश्नाचे मूळ कळण्यासाठी थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. भारतीय लिप्यांसाठी संगणकीय संकेतनाचे महत्त्वाचे काम आयआयटी कानपूर येथे झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते जिस्ट या नावाने पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे प्रमाण संकेतन स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. या दोन्ही व्यवस्थांचे तत्त्व एकच आहे. संगणकाने वर्ण साठवावा, आकृती साठवू नये. वर्णांपासून आकृती घडवणे हे पडद्यावर वा कागदावर मजकूर उमटतेवेळचे काम आहे.

बाजारात मात्र निराळे घडले. १९९२ च्या विंडोज ३.१ ला किंवा १९९५ च्या विंडोज ९५ ला देवनागरीची जोडाक्षरे स्वतःहून घडवता येत नव्हती. तेव्हा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी एक सोयीची वाट काढली. रोमन अक्षरे व इतर चिन्हे यांच्यासाठी राखलेल्या सुमारे दोनशे जागांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले : काना, वेलांटी, उकार, रफार, अर्धा क, अर्धा त इत्यादी. प्रत्येक निर्मात्याने हे तुकडे आपापल्या क्रमाने बसवले. परिणामी संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे रोमन चिन्हांची निरर्थक माळ असे. योग्य तो फॉन्ट लावला की तीच माळ मराठी दिसे. फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीशी होई.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या स्थितीचा एक जुना दाखला आठवल्यावाचून राहणार नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी सकळ लिपीची उकल विद्वज्जनांसमोर आली आणि मराठी गद्याचा आरंभकाळ नव्याने दिसू लागला. १९९० नंतरचे फॉन्ट ही एका अर्थाने अजाणता घडलेली सांकेतिक लिपी आहे. दोहोंत एक मोठा फरक आहे, आणि तो आजच्या पिढीच्या विरुद्ध जाणारा आहे. सकळ लिपीची किल्ली पंथाच्या परंपरेत माणसांनी जपली होती. जुन्या फॉन्टची किल्ली ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते सॉफ्टवेअरच नव्या संगणकावर सुरू होत नाही.

३

अशा प्रसंगी अभ्यासकाच्या तोंडून जे वाक्य निघते ते बहुधा ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ हे असते. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष पण निदानाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. ‘चालत नाही’ या एका क्रियापदाखाली किमान चार निरनिराळ्या अवस्था झाकल्या जातात. सॉफ्टवेअर बसत नाही. बसते पण उघडत नाही. उघडते पण अक्षरे दिसत नाहीत. अक्षरे दिसतात पण शोधल्यास सापडत नाहीत. या चारही अवस्थांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. शब्दाच्या अर्थच्छटा वेगळ्या करणे हे ज्याचे नित्याचे काम, त्या अभ्यासकाने हा भेद करण्यात कमी पडू नये.

पहिली अवस्था : सॉफ्टवेअर बसत नाही. जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या बाबतीत याचे एक नेहमीचे कारण असे की, ते संगणकावर बसवणारा आरंभीचा प्रोग्राम १६ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला असतो. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे प्रोग्राम चालवण्याची सोयच नाही. येथे सीडी खराब नसते आणि बसवणाऱ्याचेही काही चुकलेले नसते. सीडी वारंवार घालून, संगणक पुनःपुन्हा बंद-चालू करून काहीही साध्य होत नाही. पुष्कळदा मूळ सॉफ्टवेअर ३२ बिटांचे, म्हणजे चालण्याजोगे असते, आणि फक्त ते बसवणारा प्रोग्राम १६ बिटांचा असतो. अशा वेळी जुन्या संगणकावर बसलेला संपूर्ण फोल्डर व त्याचे फॉन्ट नव्या संगणकावर नेऊन ते सुरू होते काय हे पाहता येते. तसे न झाल्यास नव्या संगणकाच्या आतच जुन्या विंडोजचा एक आभासी संगणक उभा करून त्यात ते बसवता येते. ३२ बिटांच्या विंडोज १० वर जुने १६ बिटांचे प्रोग्राम चालवण्याची वाट शिल्लक होती. परंतु २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघाली नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण साहाय्यसेवा संपली. जे काम पुढे ढकलले जात होते त्याची मुदत अशा रीतीने सरत आली आहे.

दुसरी अवस्था : सॉफ्टवेअर बसते पण उघडत नाही. त्या काळची अनेक व्यावसायिक सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावलेल्या ‘लॉक’वर अवलंबून असत. तो लॉक सापडला नाही की सॉफ्टवेअर उघडत नसे. आजच्या संगणकांना तो पोर्टच नसतो. पुढे यूएसबीचे लॉक आले, परंतु त्यांना लागणारा ड्रायव्हर जुना असेल तर तोही अडतो. कारण २००७ च्या व्हिस्टापासून ६४ बिटांची विंडोज अधिकृत स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही. याहून वेगळे कारण म्हणजे अमुक एक डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश. अशा वेळी ती एकटी फाइल कोणत्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्याची सवय घातक आहे. ती फाइल ज्या मूळ संचाचा भाग असते, तो संच त्याच्या निर्मात्याकडून घेऊन बसवणे हाच योग्य उपाय. लिबरऑफिससारखे आजचे सॉफ्टवेअर एकाएकी उघडेनासे झाले, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये नसून वापरणाऱ्याच्या नावाने साठवलेल्या त्याच्या वैयक्तिक मांडणीत असण्याचा पुष्कळ संभव असतो. २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून त्यात ‘सेफ मोड’ची सोय आहे. त्या मार्गाने ते उघडले, तर सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्याचा खटाटोप व्यर्थ होता हे कळून येते. कारण पुन्हा बसवताना ती बिघडलेली मांडणी बहुधा तशीच राहते.

तिसरी अवस्था : सॉफ्टवेअर उघडते पण अक्षरे दिसत नाहीत. मजकुराच्या जागी रोमन चिन्हांची गर्दी दिसली, तर फॉन्ट नाही असे समजावे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर फॉन्ट आहे पण त्यात ते अक्षर नाही. जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागली, वेलांटी व्यंजनाच्या भलत्याच बाजूला गेली, तर वर्ण आहेत पण त्यांची जुळणी करणारी यंत्रणा नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीत ही यंत्रणा उपलब्ध होती, परंतु प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन एक चौकट निवडावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ते न केल्यामुळे ‘संगणकाला मराठी येत नाही’ असा समज रूढ झाला. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र वर्ण म्हणून युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. तत्पूर्वीच्या फॉन्टमध्ये ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसतो तो या कारणाने. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या पुस्तकांची अडचण याहून निराळी आहे. त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. त्या फाइली रूपांतर करून घेऊ शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती २०१२ ची सीएस ६ होय. त्यानंतरच्या आवृत्त्या त्या उघडत नाहीत.

चौथी अवस्था सर्वांत फसवी आहे, कारण तीत बिघाड झाला आहे हेच कळत नाही. मजकूर नीट दिसतो, छापताही येतो. परंतु शोध घेतला तर शब्द सापडत नाही आणि अकारविल्हे लावली तर सूची विस्कटते. फाइल जुन्या फॉन्टमध्ये असेल तर हे अटळच आहे. परंतु युनिकोडमध्येही हा दोष शिरतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारांनी साठवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधा यांच्या साहाय्याने. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. शब्दांची वारंवारता मोजून लेखकाच्या शैलीविषयी निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाला याची जाणीव नसेल, तर त्याचा निष्कर्ष भाषेविषयी नसून टंकलेखकाच्या कळफलकाविषयी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

४

या चारही अवस्थांना लागू पडणारी निदानाची रीत मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आदर्श डोळ्यांसमोर आणावा. वि. स. सुकथनकर यांनी तिच्यासाठी जी शिस्त घालून दिली, तिचा गाभा असा की, आधी पुराव्याची नोंद आणि मग निर्णय. संपादकाच्या मते चुकीचा असलेला पाठही टाकून द्यावयाचा नाही, तळाशी नोंदवावयाचा. स्वतःच्या कल्पनेने केलेली दुरुस्ती अपवादभूत असावी आणि ती केली आहे हे वाचकाला दिसावे.

सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीत हीच शिस्त हवी. पडद्यावर आलेला संदेश शब्दशः लिहून घ्यावा. ‘काहीतरी एरर आली’ ही नोंद नव्हे. सॉफ्टवेअर शेवटचे नीट कधी उघडले होते आणि त्यानंतर संगणकात काय बदलले, हे आठवून मांडावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा करावा, अन्यथा कशाने गुण आला हे कळत नाही. आणि कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. हस्तलिखितावर शाईने दुरुस्त्या करणारा संपादक जितका दोषी, तितकाच मूळ फाइल हीच प्रयोगाची जागा करणारा अभ्यासक दोषी.

प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. संगणक तंत्रज्ञाकडे जातो, आणि अनेकदा त्याचा उपाय ‘फॉरमॅट मारणे’ हा असतो. त्याच्या दृष्टीने तो योग्यही असतो, कारण त्याला संगणक सुरू करून द्यावयाचा असतो. कोणती फाइल म्हणजे वाङ्मयीन सामग्री, हे त्याला ठाऊक नसते. ती फाइल डिस्कवर नेमकी कोठे आहे, हे अभ्यासकाला ठाऊक नसते. या दोन अज्ञानांच्या सांध्यात संहिता नष्ट होते. याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जुनी सॉफ्टवेअर आपल्या फाइली आपल्याच फोल्डरमध्ये साठवीत. व्हिस्टापासून विंडोजने सामान्य वापरणाऱ्यास त्या फोल्डरमध्ये लिहिण्यास मज्जाव केला. परंतु जुनी सॉफ्टवेअर बंद पडू नयेत म्हणून अशा फाइली ती गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये वळवू लागली. सॉफ्टवेअर उघडले की फाइल दिसते. ते उघडेनासे झाले की फाइल तिच्या ठरलेल्या जागी सापडत नाही. तंत्रज्ञ नेहमीच्या फोल्डरांची प्रत काढतो आणि फॉरमॅट मारतो. लपलेल्या फोल्डरमधील अनेक वर्षांची टिपणे त्याबरोबर जातात, आणि ती होती कोठे हेही कोणाला कळत नाही.

५

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आता उपलब्ध आहेत. ती आहेत हे खरे. परंतु त्यांचे काम यांत्रिक आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकलेली असते, ती रूपांतरात मागे न्यावी लागते. रफार पुढून उचलून आधीच्या जागी आणावा लागतो. तीन-चार व्यंजनांच्या जोडाक्षरांत येथे चुका होतात. मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द तर निरर्थक देवनागरीत बदलून जातात. शृ आणि श्र, द्य आणि ध्य यांच्यातील घोटाळे अर्थावर परिणाम करू शकतात. म्हणजे रूपांतरित मजकूर ही एक नवी नक्कल आहे, आणि नक्कलकाराच्या चुकांची परीक्षा कोणी केली पाहिजे हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तरी विचारू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले, ते नकलांत शिरलेल्या अशुद्ध पाठांमुळेच.

दुसरा आक्षेप असा की, अभ्यासकाचा वेळ अभ्यासासाठी आहे, यंत्राच्या सेवेसाठी नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक अभ्यासकाने ड्रायव्हर आणि डीएलएल यांच्या मागे लागावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येक अभ्यासक मोडीचा तज्ज्ञ नसतो, तरीही विभागात मोडी जाणणारा कोणी असावा असे सर्वांना वाटते. तीच भूमिका येथे घ्यावयास हवी. दुरुस्ती तंत्रज्ञाने करावी. पण काय वाचवावयाचे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पुराव्याच्या आधारे, हे ठरवण्याइतके ज्ञान विभागापाशी असले पाहिजे.

या दृष्टीने विद्यापीठीय विभागांना काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. प्रबंध स्वीकारताना छापील प्रतीबरोबर व पीडीएफबरोबर साधा युनिकोड मजकूरही घ्यावा. विभागात जुने सॉफ्टवेअर बसलेला व अद्याप सुरू होणारा एखादा संगणक असेल, तर तो भंगारात काढण्यापूर्वी त्याच्या संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी, त्याचे लॉक, सीडी व परवान्याची कागदपत्रे एकत्र ठेवावीत. प्रत्येक जुन्या फाइलीबरोबर फॉन्टचे नाव, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, विंडोजची आवृत्ती आणि टंकलेखनाचे वर्ष यांची नोंद करावी. हस्तलिखितांच्या सूचीत लिपी, पत्रसंख्या व लेखनकाल नोंदवतात त्याच न्यायाने. रूपांतर केल्यावर जुनी फाइल नष्ट करू नये. आणि संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेच्या प्रकरणाला या विषयाची जोड द्यावी.

मोडीतील कागद वाचणारे कमी झाले तेव्हा कागद तरी उरले होते. ते आजही वाचता येतात, आणि २०१४ मध्ये मोडीला युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत स्थानही मिळाले. संगणकावरच्या मजकुराला कागदाचा हा चिवटपणा लाभलेला नाही. तो अर्धवट उरत नाही, कडेने झिजत नाही, वाळवीने खाल्ल्यावरही काही ओळी मागे ठेवत नाही. तो उघडतो किंवा उघडत नाही. म्हणून ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ हे वाक्य विभागात ज्या दिवशी उच्चारले जाईल, त्याच दिवशी त्याची नोंद व्हावी आणि निदान सुरू व्हावे. ज्या संगणकांवर ही सॉफ्टवेअर अजून उघडतात, ते वर्षागणिक कमी होत आहेत.